हाडं आमची, कातडं तुमचं

माझ्या उजव्या हाताला आमच्या वर्गात मान होता. पहिला नंबर माझा असायचा, पण त्याचं कुणाला फारसं कौतुक नव्हतं. पहिल्या नंबरवालीला मारायला मिळतं, त्याचा धाक होता.

आमच्या नेरूळच्या शाळेत प्रश्न विचारायची एक रीत होती. बाई प्रश्न विचारायच्या. ज्याला येत नाही तो उभा राहायचा. मग पुढच्याला विचारायचं, तोही उभा. असे सात-आठ जण उभे राहिले की कुणीतरी बरोबर उत्तर द्यायचं, आणि ज्याने उत्तर दिलं त्याने उठून उभ्या असलेल्या प्रत्येकाला एकेक लगावायची. तीही कशीही नाही. डाव्या हाताच्या चिमटीत समोरच्याचं नाक धरायचं, म्हणजे तोंड हलत नाही, आणि उजव्या हाताने गालावर. हळू मारली तर बाई मारणाऱ्यालाच जवळ बोलवायच्या आणि जोरात म्हणजे केवढ्या जोरात ते त्याच्या गालावर दाखवायच्या. त्यामुळे हळू कुणी मारत नसे. मैत्रिणीला तर मुळीच नाही, कारण मैत्रिणींवर बाईंचं बारीक लक्ष असे.

या बाई म्हणजे माझी आई.

घरी ती आई, शाळेत बाई, आणि हात दोन्हीकडे एकच. आपल्या मुलीला झुकतं माप देते असं कुणी म्हणू नये म्हणून दुसऱ्यांना एक तर मला दोन, असा तिचा हिशोब होता. मला त्याचा राग येत नसे. खरं सांगायचं तर थोडा अभिमानच होता. आमच्या सोसायटीत संध्याकाळी पाच ते सात ही पोरांची मार खायची वेळ होती आणि कुठल्या घरात काय वापरतात हे मला नुसत्या आवाजावरून कळायचं. तळमजल्यावर कमरेचा पट्टा, समोरच्या विंगमध्ये कपड्यांचा लाकडी हँगर, आमच्याकडे लाटणं. आया गच्चीवर कपडे वाळत घालताना एकमेकींना विचारायच्या, "काल जास्त झालं का हो तुमच्याकडे?" जसं भाजीत मीठ जास्त झालं का विचारावं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे आईचं आवडतं वाक्य. आई साताऱ्याकडची. तिच्या लहानपणी तिला मास्तरांनी डोक्यावर दगड देऊन उन्हात उभं केलं होतं, आणि त्यामुळेच आपण बाई झालो अशी तिची पक्की खात्री होती. वडील उरणला कंटेनरच्या गोदामात कामाला होते. ते घरी यायचे तेव्हा माझं रडून झालेलं असायचं.

मी सातवीत गेले त्या जूनमध्ये वडिलांचे धाकटे भाऊ, म्हणजे माझे काका, स्वीडनहून कायमचे परत आले. तिथली कंपनी मंदीत बसली आणि काकांची नोकरी गेली. काकूची नोकरी अजून चालू होती, ती तिथलं घर आवरून दिवाळीनंतर यायची होती. तोवर काका आणि त्यांची मुलगी आमच्या दोन खोल्यांत राहणार होते. मुलगी माझ्याच वयाची, जन्मापासून तिथेच वाढलेली. घरात मराठी बोलायची, शाळेत स्वीडिश, आणि इंग्रजी मात्र जेमतेम. फॉरेनहून आलेल्या मुलीला इंग्रजी येत नाही हे सोसायटीत कुणाच्या पचनीच पडेना. म्हणून ती आमच्या मराठी शाळेत आली, माझ्याच वर्गात.

शाळेत नाव घालायच्या आधीचे चार दिवस आम्ही दोघी संध्याकाळी गच्चीवर बसायचो आणि ती मला तिच्या शाळेचं सांगायची. वर्गाबाहेर बूट काढून मोज्यांवर आत जायचं. बाईंना नावाने हाक मारायची, नुसत्या नावाने. पाऊस असो की बर्फ, मधल्या सुट्टीत सगळ्यांनी बाहेर. दुपारचं गरम जेवण शाळेतच. आठवीपर्यंत मार्क नाहीत.

"मग नंबर कसा काढतात?" मी विचारलं.

"काढत नाहीत."

"अगं, पण पहिला कोण ते कसं कळतं?"

तिने बराच विचार केला. "कुणीच नसतं पहिलं," ती म्हणाली.

मला तिचा पहिला राग आला तो त्या वेळी. ज्या देशात पहिला नंबरच नाही तिथे माझ्यासारखीने करायचं काय?

मग तिने सांगितलं, तिथे मुलांना कुणी मारू शकत नाही. शाळेत नाही आणि घरीही नाही. आईबाबांनीसुद्धा मारायचं नाही असा कायदा आहे. आई मागे दोरीवरचे कपडे काढत होती. ती हसली. "मग तिथली पोरं आईबापाच्या डोक्यावर मिरे वाटत असतील," म्हणाली. माझी ही चुलत बहीण गंभीरपणे "नाही" म्हणाली. डोक्यावर मिरे वाटतात म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं, पण तिथे कुणी तसं करत नाही याची तिला खात्री होती.

शाळेत नाव घालायला काका, आई आणि आम्ही दोघी हेडमास्तरांच्या खोलीत गेलो. काकांनी बारा वर्षांत मुलीला बोटसुद्धा लावलं नव्हतं. हे ते स्वतः अभिमानाने सांगायचे, वडिलांना जरा टोमणा मारत. पण फॉर्म भरून झाल्यावर, उठताना, काका हात जोडून हसत म्हणाले, "सर, हाडं आमची, कातडं तुमचं. वहिनी आहेतच म्हणा."

काकांच्या वडिलांनी काकांना शाळेत घालताना हेच म्हटलं असणार. माझ्या वडिलांनीही मला घालताना हेच म्हटलं होतं. शाळेतून निघताना हे म्हणायचं असतं, जसं कुणाच्या घरून निघताना 'येतो' म्हणायचं असतं. हेडमास्तर हसले. आईही हसली.

बाहेर आल्यावर बहिणीने मला विचारलं, "बाबा काय म्हणाले?"

मी अर्थ सांगितला, हाडं तेवढी मोडू नका, बाकी हवं तेवढं मारा. तिने माझा दंड धरला. "पण ते खरं नाही ना?"

"नाही गं," मी म्हटलं. "तसं नुसतं म्हणतात."

पहिल्याच दिवशी तिने वर्गाच्या दारात बूट काढले आणि मोज्यांवर आत आली. मागच्या बाकावरचा गावातला एक मुलगा ओरडला, "देवलान आयलीस काय गो?" सगळा वर्ग हसला. मधल्या सुट्टीत तिचा एक बूट मैदानापलीकडच्या गवतात सापडला, दुसरा सापडलाच नाही. तिचं नाव 'फॉरेन' पडलं. ती आईला वर्गात काकू म्हणायची, तेव्हाही वर्ग हसायचा आणि आईच्या मानेवर लाल चट्टा उठायचा.

सुरुवातीला आईने तिला प्रश्न विचारायचंच टाळलं. मग शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी बोललं, घरची आहे म्हणून सोडता वाटतं. आईला असलं बोलणं सहन होत नसे. दुसऱ्याच दिवशी नकाशाचा एक प्रश्न फिरत फिरत बहिणीकडे आला आणि तिला नेमका तो येत होता. पाच जण उभे होते. आई म्हणाली, "ऊठ. मार."

"मी नाही मारणार, काकू."

"शाळेत काकू नाही. बाई."

"मी नाही मारणार, बाई."

आता कुणी हसलं नाही. आईने तिला हात पुढे करायला सांगितला. तिने केला, काहीतरी द्यायचं असेल असं समजून. आईने लाकडी पट्टी उभी धरून दोन मारल्या, बोटांच्या पेरांवर. ती रडली नाही. तिने आधी हाताकडे बघितलं, मग वर्गाच्या दाराकडे, बराच वेळ. कुणीतरी धावत येईल याची ती वाट बघत होती हे मला तेव्हाच कळलं होतं. मला हसू आलं. हे मी लपवणार नाही, मला खरंच हसू आलं.

संध्याकाळी चहाच्या वेळी तिने सगळ्यांसमोर काकांना सांगितलं. काका कपात बघत म्हणाले, "बेटा, काकू तुझ्या भल्यासाठीच करते."

"पण बाबा, तुम्हीच सांगितलं होतं, कुणी मारलं तर लगेच मला येऊन सांगायचं."

"ते तिकडे," काका म्हणाले.

काकांना तेव्हा नोकरी नव्हती. भावाच्या घरी, वहिनीच्या हातचं जेवत होते. हे आज कळतं. तेव्हा मला एवढंच दिसलं की तिचा बाप घाबरला, आणि मला बरं वाटलं. आईने त्या संध्याकाळी तिला जवळ बसवून बोटांना खोबरेल तेल चोळलं, फुंकर घातली आणि तिच्या भातावर जास्तीचं तूप वाढलं. आईची माया खरी होती. पट्टीही खरी होती. आमच्याकडे या दोन्ही गोष्टी एकाच हाताला असायच्या आणि त्यात काही विचित्र आहे हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्यानंतर महिनाभर बहीण रोज मार खात होती. उत्तर आलं नाही तर थप्पड, आलं तर मारत नाही म्हणून पट्टी. शेवटी तिने उत्तर येत असलं तरी गप्प उभं राहायला सुरुवात केली. एके दिवशी हा मार मैदानातही पोहोचला. मुलींनी तिला भिंतीशी धरलं आणि एकीने तिचं नाक चिमटीत पकडून विचारलं, "मारणार का? बोल, मारणार का?" तिने मान हलवायचा प्रयत्न केला, पण नाक धरलेलं. पाच-सहा जणींनी एकेक लगावली. मी नळावर पाणी पीत होते. बघत होते. ओंजळ सोडून धावले नाही.

मग ऑगस्टमधला तो इतिहासाचा तास. आदल्या दिवशी शिकवलेल्या तहाची कलमं आईने विचारली. एकेक जण उभा राहत गेला. बहीणही उभी राहिली. उत्तर माझ्याकडून आलं, घडाघडा, सगळी कलमं. मग मी ओळीने मारत निघाले. एक, दोन, तीन. ती सहावी होती.

तिचं नाक मी धरलं. तिने डोळे मिटले नाहीत. बाकीचे सगळे मिटायचे. मी मारली, पण हात थोडा ढिला पडला. घरी आम्ही एकाच अंथरुणावर झोपायचो, एका पांघरुणात. पडला हात ढिला.

"इकडे ये," आई म्हणाली.

मी गेले. आईने मला दाखवलं. माझं डोकं फळ्यावर आपटलं आणि तोंडात रक्ताची चव आली. "घरची म्हणून? आता जा आणि नीट मार."

मी परत आले तेव्हा बहिणीच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला एवढ्या वेळा मारलं तेव्हा आलं नव्हतं, मला मारलेलं बघून आलं. त्याने माझं डोकं फिरलं. हिला कोणी सांगितलं माझी कीव करायला? हिचा तो देश, ते मोजे, तो पहिला नंबर नसलेला वर्ग, आणि ही इथे उभी राहून माझ्यासाठी रडते. आईने मारायला लावलं असं मी पुढे अनेक वर्षं सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. त्या क्षणी मला तिला मारायचंच होतं. नाक धरायचंही मी विसरले. तोंड धरलेलं नव्हतं, म्हणून तिने शेवटच्या क्षणी मान वळवली आणि माझा पंजा, पूर्ण उघडा, तिच्या डाव्या कानावर बसला.

फुगा फुटावा तसा आवाज झाला. ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी कान दाबून म्हणाली, "ऐकू येत नाहीये."

"नाटकं पुरेत," आई म्हणाली. "उभी राहा."

ती उभी राहिली. तास संपेपर्यंत उभी होती, एका हाताने बाकाचा कोपरा धरून, डुलत. घंटा झाल्यावर आई जवळ आली आणि तिला दिसलं, मुलीच्या मानेवरून गणवेशाच्या कॉलरपर्यंत रक्ताचा एक बारीक ओघळ आला होता. आईच्या हातातली पुस्तकं खाली पडली. मी आईला घाबरलेलं पहिल्यांदा पाहिलं.

स्टेशनजवळच्या कानाच्या डॉक्टरांकडे आम्ही रिक्षाने गेलो. काकाही धावत आले. डॉक्टरांनी कानात उजेड घालून बघितलं आणि विचारलं, "पडदा फाटलाय. कशाने लागलं?"

"खेळताना पडली," आई लगेच म्हणाली.

"नाही," बहीण म्हणाली. तिचा आवाज जरा मोठा होता, स्वतःचा अंदाज नसल्यासारखा. "मला मारलं."

"कुणी मारलं?"

मी भिंतीला टेकून उभी होते. माझा हात मी फ्रॉकच्या मागे घेतला. आता ती माझं नाव घेणार. घेऊ दे, असंही वाटलं. आईचा चेहरा पांढरा पडला होता. तिची नोकरी, तिचं नाव, बाई म्हणून वीस वर्षांत कमावलेली तिची पत, सगळं त्या मुलीच्या जिभेवर होतं. बहिणीने माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि मग काकांकडे.

"बाबांनी सांगितलं होतं मारायला," ती डॉक्टरांना म्हणाली. "कातडं तुमचं, असं. सरांना सांगितलं."

डॉक्टर मराठीच होते. त्यांना सगळं समजलं. त्यांनी मान खाली घालून औषध लिहायला घेतलं. कान कोरडा ठेवा, बहुतेक भरून येईल, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा काकांनी नुसती मान हलवली.

घरी मी तिला आतल्या खोलीत नेलं. स्वतःचं नाक स्वतःच्या चिमटीत धरलं आणि गाल पुढे केला. "मार," मी म्हटलं. "जेवढ्या जोरात येईल तेवढ्या. फिट्टंफाट." ती माझा हात नाकावरून काढून म्हणाली, "मी नाही मारत." रागाने नाही, समजावल्यासारखं. मला त्या क्षणी ती फार आवडली. आणि माझी स्वतःची किळस आली.

आठ दिवस आईने कुणालाच मारलं नाही, घरी नाही आणि शाळेतही नाही. लाटण्याने फक्त पोळ्या लाटल्या. मग वर्ग डोक्यावर बसायला लागला, हेडमास्तर एकदा दारात येऊन उभे राहून गेले, आणि नवव्या दिवशी पट्टी कपाटातून परत बाहेर आली. बहिणीची शाळा बदलायची चर्चा झाली. पण शाळा सुरू होऊन तीन महिने होत आले होते, वर्ष वाया गेलं असतं. काकांना नोकरी लागली, त्यांनी वरच्या मजल्यावर जागा भाड्याने घेतली, जेवण मात्र काकू येईपर्यंत आमच्याकडेच. बहीण कानात कापूस घालून शाळेत येऊ लागली. ती आता बूट घालूनच वर्गात यायची. आईला बाई म्हणायची. इतिहासाचं पुस्तक पुढे-मागे डुलत पाठ करायची, आम्ही करायचो तसं. स्वीडनचं काही विचारलं तर "आठवत नाही" म्हणायची. मला वाटलं, कानामुळे गप्प झाली असेल.

सहामाहीच्या आधी, ऑक्टोबरमध्ये, आईने अष्टप्रधान विचारले. "सुमंताचं काम काय?" चौघं उभे राहिले. मग प्रश्न माझ्याकडे आला.

मला उत्तर येत होतं. पण मी गप्प राहिले आणि उभी राहिले. माझ्या पुढचा नंबर बहिणीचा होता आणि आदल्या संध्याकाळी तिने ते पाठ केलेलं मी ऐकलं होतं. काय मनात होतं माझ्या? थोडं प्रायश्चित्त. पण जास्त म्हणजे, मला पुन्हा एकदा बघायचं होतं. ती उठेल, आणि 'मी नाही मारणार' म्हणेल. सबंध वर्गात तेवढं एकच वाक्य असं होतं जे आमच्यापैकी कुणाला म्हणता आलं नव्हतं. ते तिच्याजवळ अजून आहे एवढं मला ऐकायचं होतं. ते असतं, तर माझ्या हातून सगळंच फुटलं नाही असं मला म्हणता आलं असतं.

"परराज्यांशी संबंध ठेवणं," ती म्हणाली.

"बरोबर. ऊठ."

ती उठली. पहिल्याचं नाक तिने डाव्या हाताच्या चिमटीत धरलं आणि मारली. मग दुसऱ्याला. तिसरीला, चौथीला. मी शेवटची. तिची बोटं माझ्या नाकावर आली तेव्हा थंड होती. मी डोळे उघडेच ठेवले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, सूड नव्हता, काहीच नव्हतं. मोजून, नीट, गालाच्या मधोमध मारली. कान चुकवून. माझ्यापेक्षा चांगली मारली तिने.

"शाब्बास," आई म्हणाली.

त्या रात्री जेवताना आई काकांना कौतुकाने सांगत होती, आता वर्गात बोलते, उत्तरं देते, कुणाला भीत नाही. तिने बहिणीच्या भातावर तूप वाढलं. काकांचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला. त्यांना यापेक्षा जास्त काही जाणून घ्यायचं नव्हतं. माझा गाल लाल होता, तो त्यांनी पाहिला नाही.

"रुळली म्हणायची पोर," ते म्हणाले.

ती त्यांच्या उजवीकडच्या पाटावर बसली होती. तिने घास खाली ठेवला, मान पूर्ण वळवून उजवा कान त्यांच्याकडे केला आणि विचारलं, "काय म्हणालात, बाबा?"

काकांनी ते पुन्हा सांगितलं नाही.